रविवारची बंदूक

घरात बंदूक होती असं म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या हातांकडे. हातात बहुतेक टेप नाहीतर कात्री असते, कारण मी ब्लाउज शिवते. बंदूक यजमानांची होती. फौजेतून लवकर निवृत्त होऊन आले आणि कल्याणातल्या एका बँकेच्या दारावर गनमॅन म्हणून लागले. ही नोकरी बंदुकीसकट माणूस मागते. बंदूक आपली, परवाना आपला, फक्त दार त्यांचं. एकोणीस वर्षं ते त्या दारात उभे राहिले आणि एकोणीस वर्षांत एकही काडतूस उडवायची वेळ आली नाही. बारा बोअरची पंपवाली बंदूक. नळीखालची मूठ मागे ओढून पुढे सारली की काडतूस आत बसतं, तसली. रोज सकाळी खोळीत शिरून त्यांच्या खांद्यावरून जायची आणि संध्याकाळी आंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत परत यायची.

रविवारी तिची सफाई.

सफाई म्हणजे लोकांना वाटतं, फडका मारला की झालं. तसं नव्हतं. नऊचा चहा झाला की दाराला आतून कडी लागायची आणि हॉलच्या फरशीवर आदल्या दिवशीचा पेपर अंथरला जायचा. मग मला हाक, "अगं, ये." मी मशीनवरून उठायची. ते मूठ मागे ओढून धरायचे आणि म्हणायचे, "बोट घालून सांग." नळी जिथून सुरू होते तिथे मी करंगळी घालायची, आत काडतूस नाही याची खात्री करायची आणि सांगायची, "रिकामी." स्वतः दोनदा बघितलेलं असायचं, तरी माझं बोट लागायचंच. मग नळी उतरायची, घोड्याची पेटी उतरायची, आतलं सगळं पोट बाहेर यायचं आणि एकेक तुकडा पेपरवर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडला जायचा. मी शेजारी तेलाची बाटली आणि चिंध्या घेऊन बसायची. चिंध्या माझ्याच, अस्तराच्या उरलेल्या, आणि तेलही माझंच, शिलाई मशीनचं. फौजेत चिंधीचंही माप ठरलेलं असतं म्हणे, चार इंच बाय दीड. मी तेवढ्याच कापून द्यायची. गजाला चिंधी लावून नळीतून ओढायचे. पांढरी आत जायची, पांढरीच बाहेर यायची, तरी दुसरी मागायचे. साडेअकरापर्यंत हे चालायचं.

आणि रविवारी सकाळीच माझ्याकडे गिऱ्हाइकांची गर्दी. दाराला कडी म्हणून बाया जिन्यात ताटकळायच्या. शेजारच्या गावातली एक आगरी बाई होती, लग्नसराईत एका लग्नाला पाच-पाच ब्लाउज शिवून घ्यायची. ती दाराबाहेरूनच ओरडायची, "काय गो, तुजी सवत न्हाली का नाय अजून?" जिन्यात हशा पिकायचा. मी पण हसायची. पण मला ते लागायचं, कारण माझं मतही तेच होतं.

उघडच सांगते, माझा त्या बंदुकीवर राग होता. लग्न होऊन आले तेव्हा हे सीमेवर. वर्षातून दोन महिने नवरा, बाकी पत्रं आणि नंतर फोन. वाटायचं, निवृत्त झाले की बोलू, फिरू, चार माणसांसारखं राहू. निवृत्त झाले आणि बँकेच्या दारात जाऊन उभे राहिले. सोमवार ते शनिवार घरात त्यांच्या तोंडून तीन शब्द निघायचे: चहा, जातो, आलो. दिवसभर उभं राहून माणूस दमतो हे मला कळत होतं, पण कळल्याने घर काही बोलकं होत नाही. उरला रविवार. एकदा म्हटलं, ठाण्याला तलावपाळीवर जाऊ, नावेत बसू. "बंदूक साफ करायचीय." माझ्या बहिणीकडे बारसं होतं, तेही रविवारी सकाळी. "तू हो पुढे, मी मागून येतो, बंदूक साफ करायचीय." मी पुढे झाले. ते आले ते पंगत उठल्यावर.

रविवारी मात्र ते बोलायचे. ते खरं. पण मान खाली घालून, डोळे त्या लोखंडात. मी काही विचारलं तर उत्तर द्यायचे, पण ते उत्तर माझ्याकडे बघून नसायचं. मला वाटायचं, हा माणूस बंदुकीशी बोलतोय, मी आपली मधे सापडलेय. हात गुंतलेले असले की काही पुरुषांची जीभ सुटते, तसं काहीतरी असेल. मग माझं लक्ष घड्याळाकडे. "अहो, आटपा आता, बाया खोळंबल्यात." ते "हो, हो" म्हणायचे आणि आणखी एक चिंधी मागायचे.

एकदा तर आठ दिवस अबोला झाला. खंडेनवमीला शस्त्राची पूजा करतात, घरात शस्त्र म्हणून मोजायला एवढं एकच. आधीच्या वर्षापर्यंत ते स्वतः करायचे, त्या वर्षी त्यांना ड्युटी होती म्हणून मी केली. छान पाट मांडला, झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू पाण्यात कालवून बंदुकीला पाच बोटं ओढली आणि वर अक्षता. संध्याकाळी येऊन बघतात तर काळ्या लोखंडावर पाच ठिकाणी तांबूस गंज धरायला सुरुवात झालेली आणि पंपाच्या फटीत तांदळाचे दाणे. ओरडले नाहीत. पण रात्री जेवताना म्हणाले, "शत्रूला जे जमलं नाही ते तू एका दिवसात केलंस." मला राग असा आला की मी पुढच्या रविवारी हाक मारली तरी उठले नाही. ते एकटेच पेपर अंथरून बसले. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी सफाई कधी संपली ते मला कळलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बंदूक कपाटात आणि हे गॅलरीत उभे. मी मनात म्हटलं, बरं झालं, लवकर उरकलं एकदाचं. पुढच्या वर्षी त्यांनी मला दस्ता दाखवला, म्हणजे खांद्याला टेकवतात तो मागचा लाकडी भाग, आणि म्हणाले, "कुंकू इथे लाव. लाकडाला काही होत नाही." तेव्हापासून मी तिथेच लावत गेले.

ते गेले तेही रविवारीच. सगळे तुकडे पेपरवर मांडून झाले होते. मला म्हणाले, "तुझ्या त्या मशीनचा पट्टा सैल झालाय, आवाज बदललाय." मी म्हटलं, "तुमचं लक्ष असतं का माझ्या मशीनकडे?" त्यावर त्यांनी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि छातीवर हात ठेवला. रिक्षा, शहाडच्या पुलावरचा ट्रॅफिक, हॉस्पिटल. तासाभरात डॉक्टरांनी माझ्या मुलाला फोनवर काय ते सांगितलं. मला कुणी सांगावं लागलं नाही.

घरी आणायचं म्हणजे हॉल मोकळा हवा. मी हॉस्पिटलातच होते. शेजारच्या बायांनी आमचं दार उघडलं, फरशीवर हे लोखंडी सामान पसरलेलं. बिचाऱ्यांनी जे सुचलं ते केलं. कणीक मळायच्या परातीत सगळं भरलं, वर टॉवेल टाकला आणि परात कॉटखाली सारली. त्या दिवसापासून तेराव्यापर्यंत कुणी तिकडे बघितलं नाही. सुतकात कोण बंदुकीला हात लावणार?

चौदाव्या दिवशी मुलगा घोडबंदर रोडला आपल्या घरी गेला. एकोणिसाव्या मजल्यावर राहतो तो. "आई, चल माझ्याकडे," म्हणाला, मनापासून म्हणाला, पण मी म्हटलं, आधी इथलं आवरू दे. तो गेला आणि पुढच्या गुरुवारी दुपारी पोलीस चौकीतून हवालदार आले. परवाना माणसाबरोबर संपतो, बंदूक जमा करावी लागते. भला माणूस होता. चप्पल बाहेर काढून आत आला, फोटोला हात जोडले. मी कॉटखालून परात ओढली. त्याने टॉवेल उचलला.

"काकू, हे असं?"

"साफ करताना गेले ते."

त्याने कागद मांडीवर घेतला. "हरकत नाही. असंच नेतो. नोंदीत लिहितो, मोडक्या अवस्थेत."

तो शब्द मला सहन झाला नाही. ज्या माणसाने एकोणीस वर्षं तिच्यावर धूळ बसू दिली नाही, त्याच्या नावापुढे सरकारी वहीत शेवटचं हे लिहिलं जाणार? सवत असो की कोणी, मोडकी नव्हती ती. मी म्हटलं, "दादा, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. मी जोडून देते." त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे. काडतुसांचा डबा तेवढा त्याने मोजून, पावती लिहून त्याच दिवशी नेला. बंदुकीला म्हणाला, "सोमवारी सकाळी येतो."

शुक्रवारी मी दाराला कडी लावली आणि पेपर अंथरला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, व्हिडिओ असतील, बघून कर." बघितले. सगळ्या परदेशी बंदुका, बोलणारा घाईत, आणि आतली रचना आपल्यासारखी नाहीच. मोबाइल ठेवून दिला. परातीतले तुकडे काढले तर वीस दिवसांत कडांना पिवळट गंज आलेला. आधी ते सगळं तेलाच्या चिंधीने पुसलं. पुसताना हात सवयीने शेजारी गेला, चिंधी पुढे करायला. शेजारी कोणी नव्हतं. मी ती चिंधी तशीच हातात धरून किती वेळ बसले, सांगता येणार नाही.

मी कधी एक तुकडाही जोडलेला नव्हता. मला फक्त ऐकलेलं आठवत होतं. आणि त्यातूनच वाट सापडली, कारण त्यांच्या बोलण्याचाही क्रम ठरलेला असायचा. जोडायला घेतलं की पहिल्यांदा शाखेतल्या गोष्टी निघायच्या, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांच्या, त्यांना खुर्ची कशी आणून दिली त्याच्या. तेव्हा हातात काय असायचं? पंपाची मूठ आणि तिच्या दोन लांब सळ्या. म्हणजे ते पहिलं. मग विचारायचे, "या आठवड्यात किती ब्लाउज झाले?" तेव्हा त्या सळ्यांवर एक जाड ठोकळा बसवत असायचे, तो मागेपुढे सरकून नळीचं तोंड बंद करतो. म्हणजे ते दुसरं. मग बर्फातल्या चौकीची आठवण, दर वेळी तीच, रॉकेलच्या स्टोव्हवर चपाती भाजल्याची. तेव्हा दोन बारीक पोलादी पट्ट्या आतल्या भिंतींना टेकवून बोटाने धरलेल्या असायच्या. त्यानंतर घोड्याची पेटी आणि तिच्या दोन पिना, तेव्हा अगदी गप्प. आणि नळी चढवून पुढची टोपी फिरवताना हमखास, "जेवायला काय?"

शुक्रवार त्या म्हाताऱ्यांवर आणि ब्लाउजांवर गेला. शनिवारी पट्ट्या शोधल्या तर एकच. परात झाडली, कॉट हलवली, केरसुणी फिरवली. शेवटी माझ्या बटणांच्या डब्यात सापडली; बायांना वाटलं असेल, ही मशीनचीच. रविवारी दोन्ही पट्ट्या लावल्या आणि पेटी बसेना. ढकलून बघितली, तेल घातलं, रडून घेतलं. मग डोकं शांत करून बघितलं तर डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे गेलेली. अदलाबदल केली, बोटाने दोन्ही धरून ठेवल्या आणि पेटी गपकन आत गेली. पिना तर इतक्या सहज बसल्या की हातोडी आणली होती ती तशीच राहिली. नळी चढवली, टोपी फिरवली. मूठ मागे ओढली, करंगळी घातली आणि मोठ्याने म्हटलं, "रिकामी." त्यावर घरात काही झालं नाही. शेजारच्यांचा कुकर वाजला तेवढंच. तीन दिवस लागले होते मला.

सोमवारी हवालदाराने बंदूक हातात घेऊन मूठ ओढून बघितली. नोंद केली: चालू स्थितीत. मला वाचून दाखवली. मला वाटलं, झालं, माझं देणंघेणं संपलं तिच्याशी.

काही महिन्यांनी मुलाने वारसाची कागदपत्रं केली आणि बंदूक विकायला ठाण्यातल्या एका परवानाधारक दुकानात गेली. गिऱ्हाईक मिळालं तेव्हा माझी सही लागणार होती, म्हणून मी गेले. मुलाला ऑफिस होतं. पहिल्या मजल्यावरचं जुनं दुकान, काउंटरमागे म्हातारे दुकानदार. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. घेणारा आधीच आलेला, पंचेचाळिशीचा, फौजेतूनच सुटलेला, एका सराफाच्या पेढीवर गनमॅन लागणार होता. मिशा, पॉलिश केलेले बूट, कमी बोलणं.

"काकू, खोलून बघू?" त्याने विचारलं.

मी खुर्ची पुढे ओढली. मला त्याला सगळं सांगायचं होतं. आधी काय, मग काय, पट्ट्यांची डावी-उजवी कशी ओळखायची, मी तीन दिवस घालून शिकलेली विद्या. "हे बघा, त्यात ना दोन पट्ट्या आहेत—" एवढं मी म्हणेपर्यंत त्याने नळी उतरवली होती. पेटी बाहेर, पट्ट्या बाहेर, ठोकळा बाहेर. काउंटरवर ओळ लागली, डावीकडून उजवीकडे. नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं, एक चिंधी फिरवली, ठेवली. आणि परत जोडायला घेतली. बोलत काहीच नव्हता, आणि बघतही नव्हता फारसा. शेवटची टोपी फिरवून त्याने बंदूक आडवी ठेवली तेव्हा माझ्या चहावर अजून वाफ होती.

"छान ठेवलीय," तो दुकानदारांना म्हणाला. "फक्त पिना सैल आहेत. भोकं झिजलीत. खूप चालवलीय का?"

"एकदाही नाही," दुकानदार म्हणाले. "बँकेच्या दारावरची आहे."

"मग ही उघडून-उघडून झिजलीय." तो माझ्याकडे वळला. "काका किती दिवसांनी खोलायचे हो?"

"दर रविवारी."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्याच्या कपाळाला आठी पडली. तो चांगल्या मनाने बोलला, त्याच्यावर माझा राग नाही. म्हणाला, "न चालवलेल्या बंदुकीला वरून तेलाचा फडका पुरतो काकू. पूर्ण खोलायची ती पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. उगाच खोलली की अशी झिजते. हे तर आम्हाला फौजेत पहिल्या महिन्यात शिकवतात. त्यांना माहीत असणारच."

माहीत असणारच. मी काउंटरवरच्या त्या बंदुकीकडे बघत बसले. दुकानदार कागद पुढे सरकवत होते, पेन हातात देत होते, आणि मला समोर दिसत होता तो रविवार, ज्या दिवशी मी रुसून उठले नव्हते. त्या दिवशी सफाई कधी संपली ते कळलं नाही मला, कारण ती दहा मिनिटांची होती. एरवी ती साडेअकरापर्यंत लांबायची. पांढरी चिंधी पांढरी येत असताना दुसरी मागितली जायची.

"किती वेळ लागायचा काकांना?" त्याने सहज विचारलं, माणूस माणसाला विचारतो तसं.

"तुमच्याइतकाच," मी म्हटलं. "दहा मिनिटं."

खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि ते दोन-अडीच तास मला दुसऱ्या कोणाच्या तोंडी द्यायचे नव्हते. सही केली. त्याने बंदूक स्वतःच्या खोळीत घातली, मला वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

आंबिवलीला घरी आले, चप्पल काढली आणि हॉलमधे उभं राहून फोटोवर ओरडले. चांगली मोठ्याने. अहो, एवढा खटाटोप कशाला? माझ्याशी बोलायचं होतं तर बोलायचं, बायकोच होते ना तुमची. एक शब्द पुरला असता. नुसतं "बस जरा" म्हणायचं होतंत, मी मशीन थांबवून येऊन बसले असते.

ओरडून झालं तशी मी खाली फरशीवर बसले. बसले असते का मी? बाहेर बाया खोळंबलेल्या, हातात अर्धवट बाही, आणि नवरा काहीही काम नसताना म्हणतोय बस जरा. मला खरंच सांगता येत नाही. त्यांना मात्र बहुतेक माहीत होतं.